इंदूबाईची दुसरी मुलाखत

“लोकं चांगले होते ते.” हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकलं आणि टाइप करता करता माझा हात थांबला. रविवारची सकाळ होती. खिडकीबाहेर हैदराबादकडे जाणारे ट्रक नेहमीसारखे बोंबलत होते, गॅसवर दूध होतं, आणि लॅपटॉपमधल्या रेकॉर्डिंगमधून माझी आई मला सांगत होती की ज्यांच्या वावरात तिनं अठरा वर्षं कापूस वेचला ती माणसं चांगली होती. मालकीणबाई ताक द्यायच्या, दिवाळीला लुगडं द्यायच्या, उणा शब्द कधी बोलल्या नाहीत. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. आईच्या तोंडून नव्हे, कारण आई कोणाबद्दलच इतकं गुळगुळीत बोलत नाही. स्वतःच्या सख्ख्या भावाबद्दलही नाही. ते मला कागदावरून ओळखीचं होतं. पंधरा वर्षं मी वर्गात हेच वाक्य इंग्रजीतून फळ्यावर लिहीत आले आहे, त्याखाली दोन रेघा मारत आले आहे, आणि पोरांना विचारत आले आहे की हे कोण कोणाला सांगतंय ते आधी सांगा, मग खरं की खोटं ते बघू. दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि ओटा पुसायचा सोडून पुन्हा खुर्चीवर येऊन बसले.

मी पांढरकवड्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, मराठीत कविता लिहिते, आणि माझं संशोधन अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या लेखनावर आणि इतिहासावर आहे. या तीन गोष्टी ओळीनं सांगितल्या की समोरचा माणूस पहिलीवर खूश होतो, दुसरीवर मान डोलावतो आणि तिसरीवर अडतो. काळ्या बायांवरच कायले, असं वणीच्या एका लग्नात मावशीनं पंगतीत बसल्या बसल्या विचारलं होतं, आणि मी उत्तर जुळवेपर्यंत पलीकडची दुसरी मावशी म्हणाली होती की मंग आपल्यात कोण गोरी बसली हाय. सगळी पंगत हसली. खरं तर पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मी जे वीस मिनिटं बोलले त्यात याहून जास्त काही नव्हतं. पण खरं कारण त्याहून बारीक आहे आणि ते मी कुठे लिहिलेलं नाही. नागपूरला एम.ए. करताना ग्रंथालयात एका जाड पुस्तकात मला एक फोटो दिसला. कापसाचं वावर, त्यात वाकलेली एक काळी बाई, आणि तिच्या खांद्याला अडकवलेली लांबच लांब पिशवी, जमिनीवरून तिच्यामागे फरफटत चाललेली. बाई मी बघितलीच नाही. मी पिशवी बघत बसले. आमच्याकडे कापूस पुढे असतो. लुगड्याची ओटी करून कमरेला खोचायची आणि वेचेल तसा त्यात टाकायचा. भरत आली की आई नऊ महिन्यांची दिसायची. म्हणजे तिकडे ओढायचं आणि इकडे वागवायचं. मग तिकडच्या बाईचं काय दुखत असेल? हॉस्टेलवर येऊन मी पलंगावरची चादर खांद्याला बांधली, तिच्या टोकात पुस्तकं भरली आणि वाकून वऱ्हांड्यातून चालत गेले, परत आले. माझी रूममेट दारात उभी राहून बघत होती आणि तिनं काही विचारलं नाही, याबद्दल मी अजून तिची आभारी आहे. खांदा दुखतो, आणि मान एका बाजूला जाते. इंग्रजी साहित्य माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं ते असं, मानेतून. पुढे मी त्या बायांच्या कादंबऱ्या वाचल्या, कविता, पत्रं, प्रवचनं, स्वयंपाकाच्या वह्यासुद्धा. पण प्रत्येक वेळी आधी बघायचे ती पिशवी कुठे आहे.

मुलाखतींपर्यंत मी नंतर पोचले. गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना सत्तर वर्षांनंतर सरकारनं माणसं पाठवून विचारलं, की तुमचं तेव्हाचं आयुष्य सांगा. विचारणारे बहुतेक गोरे होते. म्हातारी ओसरीत बसलेली, समोर हॅट घातलेला माणूस किंवा नीट इस्त्रीचा झगा घातलेली बाई, हातात वही. म्हातारीला वाटायचं, हे मदतीच्या कचेरीतून आलेत, नीट बोललं तर काही मिळेल, वाकडं बोललं तर आहे तेही जाईल. ती सांगायची, मालक चांगला होता. एकाच म्हातारीची अशी दोनदा मुलाखत झाल्याची एक नोंद आहे. पहिल्यांदा गोरी बाई गेली तेव्हा मालक चांगला होता. नंतर म्हातारीच्याच रंगाचा माणूस गेला, आणि त्याला तिनं विकलेल्या लेकरांचं सांगितलं, आयांच्या रडण्याचं सांगितलं. वर्गात मी हे दोन्ही कागद शेजारीशेजारी वाटते आणि पोरं कागदात डोकं घालतात, मागच्या बाकावरची पोरंही. मग मी मोठ्या तोऱ्यात सांगते, विचारणारा कोण आहे त्यावर उत्तर ठरतं. हे वाक्य माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात ठळक अक्षरांत आहे. शेवटचं प्रकरण मात्र बाकी होतं. ते मी आईवर लिहिणार होते. झरी जामणी तालुक्यात कापूस वेचणारी इंदूबाई आणि तिकडच्या त्या बाया. कोणी लिहिलेलं नाही असं काहीतरी.

म्हणून दिवाळीनंतर गावी गेले आणि आईची मुलाखत घेतली. ती कशी घेतली हे आता मला दिसायला लागलं, आणि मी एकटीच असूनही मला लाज वाटली. मी दोन दिवस आधी फोनवर सांगितलं होतं की तुझी मुलाखत घ्यायची आहे. त्यामुळे आई तोंडबिंड धुऊन, वंदनेला नेसते ते पांढरं लुगडं नेसून बसली होती. शेजारच्या घरून खुर्ची आणली होती. आई आयुष्यात खुर्चीवर बसून बोललेली नाही. ती उंबऱ्यावर बसते, नाहीतर जमिनीवर एक गुडघा वर घेऊन. मी मोबाइल स्टीलच्या गिलासाला टेकवून उभा केला. चष्मा लावला. छापलेला कागद काढला. प्रश्न पहिला, आपलं पूर्ण नाव. आई म्हणाली, इंदूबाई उकंडा. प्रश्न सातवा, मालकवर्गाची वागणूक कशी होती? मालकवर्ग! माझ्या आईला मी मालकवर्ग म्हणून विचारलं. आणि तिनं गिलासाकडे बघत, हात मांडीवर ठेवून, शाळेत पाहुणा आल्यावर पोरं बोलतात तसं सांगितलं, लोकं चांगले होते ते. मी मान हलवून प्रश्न आठवा विचारला. इस्त्रीच्या झग्याची बाई मीच होते, फक्त माझा झगा कॉटनचा होता आणि त्यावर खादी भांडाराचा शिक्का होता.

लाज वाटून झाल्यावर मला कुतूहल वाटायला लागलं. हा माझा दोषच म्हणा, पण दुसऱ्याचं गुपित असलं की मला भूक लागल्यासारखं होतं. आईनं नेमकं काय झाकलं? मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि मला स्वतःला काय आठवतं ते शोधू लागले. बांधावरचं बोरीचं झाड आठवलं, त्याखाली मी आणि पाण्याचा गडवा. ऐकू यायची ती गाणी. वेचणाऱ्या बायांची ओळ वावराच्या त्या टोकाला गेली की गाणं बारीक व्हायचं, इकडे वळली की मोठं होत यायचं, आणि सगळ्यांत आधी कळायचा तो आईचा आवाज, कारण पहिली ओळ तिची असायची. बाकीच्या उचलायच्या. ती गाणी कोणीतरी केलेली असतात हे मला तेव्हा सुचलंच नाही. माझ्या लेखी ती वावरातच असायची. मग मी चौथीत गेले त्या वर्षी आई त्या वावरात गेलीच नाही. आमच्या वस्तीतली कोणतीच बाई गेली नाही. आई त्या हंगामात रोज लांब, मुकुटबनच्या पुढे कुठेतरी पायी जायची आणि अंधार पडायच्या सुमाराला यायची. त्यानंतर मी तिचं गाणं ऐकलेलं नाही. पाळण्याला नाही, लग्नात नाही, जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा ती टाळ्या वाजवते आणि ओठ मिटलेले असतात. छत्तीस वर्षं ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. साता समुद्रापलीकडची एक म्हातारी कोणत्या ओळीला अडखळली ते मी तळटीपेत सांगू शकते, आणि आई का गप्प झाली हे मी तिला विचारलं नव्हतं.

मी मुकुटबनची एसटी धरली. बसमध्ये वही काढून नवे प्रश्न लिहायला लागले, तीन लिहिले, आणि पान फाडून पर्समध्ये कोंबलं. दुपारी घरी पोचले तर दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, तुही माय देवसिंगच्या वावरात गेली, वेचाले. त्र्याहत्तराव्या वर्षी आई वेचणीला जाते, आणि प्राध्यापक मुलगी असून जाते, यावर गावात बोललं जातं. माझ्याशी भांडण होऊनही ती जाते. घरी बसून हात सुजतात म्हणते. देवसिंग आणि त्याची बायको पुष्पा हे पलीकडच्या तांड्यातले, चार एकरांचे, आणि पुष्पा आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणते, म्हणजे आईच. वावरात दुसरा वेचा चालू होता. आई, पुष्पा आणि आणखी दोन बाया आपापली पात, म्हणजे वेचायची ओळ, धरून निघाल्या होत्या. आईनं मला बघितलं, जेवलीस का एवढं विचारलं आणि परत वाकली. मी पर्स आणि मोबाइल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाच्या फांदीला लटकावला. ओढणी सोडून तिची ओटी केली. ती दोनदा सुटली. तिसऱ्यांदा पुष्पा आली, माझ्या कमरेशी हात घालून गच्च गाठ मारून गेली आणि जाता जाता म्हणाली की मॅडम, नख कापले नसते तं बरं झालं असतं.

मी आईच्या शेजारची पात धरली. दहा मिनिटांत ती माझ्या पुढे गेली, वीस मिनिटांत माझ्या बोटांना बोंडाच्या टोकांनी ओरखडे काढले. बोंड उघडतं तेव्हा त्याच्या पाकळ्या वाळून टणक होतात आणि कापूस ओढताना नखाच्या बाजूला टोचतात. मी हे पंधरा वर्षं इंग्रजीत वाचलं आहे, त्यासाठी तिथल्या बायांनी वापरलेले शब्द मला पाठ आहेत, आणि तरी पहिल्यांदा टोचलं तेव्हा मी चक्क दचकले. एक मात्र कळलं. पातीत कोणी कोणाचं तोंड बघत नाही. सगळ्यांचे डोळे झाडावर, हात चालू, आणि बोलणं बाजूला पडत जातं, ते उचलायचं तर उचला. इथे खुर्ची नव्हती, गिलास नव्हता. मी ठरवलं की काही विचारायचं नाही. हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

विचारलं पुष्पानंच. याडी, पोरीनं तुही फिलिम काढली म्हणे, कई दाखोते? आईनं दोन बोंडं वेचली. मग म्हणाली, “काय पाह्यतं तिच्यात. खोटी फिलिम हाय ते.” मी तिच्या मागे चार हातांवर होते, आणि ते तिला माहीत होतं. पुष्पा हसली. खोटी काहून, असं तिनं विचारलं, आणि आईनं वाकल्या वाकल्या, पाठ आमच्याकडे करून, ते सांगितलं.

पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्या भागात सीतादही करतात. कापसाच्या एका झाडापाशी दहीभाताचा घास ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं, मगच वेचणी सुरू करायची. आमच्या वस्तीनं छप्पन सालीच हे सगळं सोडलं होतं, पण वावर मालकाचं, रीत मालकाची. मालकीणबाई पूजा करायच्या आणि आमच्या बाया ओट्या खोचून लांब उभ्या राहायच्या. पूजा झाली की मालकीणबाई म्हणायच्या, इंदू, काढ गाणं. कारण इंदूचं गाणं लागलं की हात भराभर चालतात हे त्यांना माहीत होतं. दर वर्षी आई जुनंच काढायची. त्या वर्षी ती तापातून उठलेली होती, बोटं आधीच्या दिवशीच्या निंदणीनं सोललेली होती, आणि तिच्या तोंडून भलतंच आलं. ते तिनं आता नुसतं सांगितलं नाही. छत्तीस वर्षांनी, देवसिंगच्या वावरात, अर्ध्या आवाजात ती म्हणाली:

सीतामायले ठेवला दह्याभाताचा घास,
वेचणाऱ्या बोटायले बोंडाचा तरास.

पुढच्या दोघी बाया वळून बघायला लागल्या. पुष्पाचा हात थांबला. मला कौतुक वाटलं की राग आला की पोरकं वाटलं हे सांगता येणार नाही, तिन्ही असेल. मी पंचवीस वर्षं कविता लिहिते आहे. बोटं सोलल्याशिवाय असली ओळ येत नाही, आणि माझी बोटं शाईनंसुद्धा कधी खराब झालेली नाहीत. आई सांगत राहिली. बाया खूप हसल्या होत्या, मालकीणबाईही हसल्या. संध्याकाळी गडी निरोप घेऊन आला की उद्यापासून येऊ नका. तिलाच नाही, वस्तीतल्या साऱ्याच बायांना. हंगामभर कोणाला बोलावणं नाही. मालकीणबाईंना कोणी काही म्हणालं नाही, म्हणणार कोण. वस्तीतल्या बाया आईला म्हणाल्या, तुह्या तोंडानं आमचं काम गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांना परत बोलावलं, आईला नाही. तेव्हापासून आईनं तोंड मिटलं. एवढंच, असं म्हणून तिनं ओटी सावरली.

मग मला राहवलं नाही. मी वाकूनच, तिच्याकडे न बघता, एकच प्रश्न विचारला. माय, मंग मले चांगले होते म्हणून काहून सांगतलं?

“तुह्या कॉलेजात त्यायचा नातू हाय ना,” आई म्हणाली. “सेक्रेटरी. तू लिहिशीन, छापशीन, तो वाचन. एकडाव माह्या तोंडानं साऱ्यायचं काम गेलतं. आता तुहं घालू काय?”

मी तशीच वाकून राहिले. म्हाताऱ्या बाया विचारणाऱ्याला भितात, हे मी शिकवत आले होते. विचारणाऱ्यासाठी भितात, हे मला कोणत्याच कागदात दिसलं नव्हतं. की होतं, आणि मीच रेघ दुसऱ्या शब्दाखाली मारत होते? पांढरं लुगडं नेसून, खुर्चीवर ताठ बसून, आई माझी नोकरी राखत होती, आणि मी प्रश्न आठव्यावर गेले होते. मला रडू आलं. ओढणीची ओटी केलेली असल्यामुळे डोळे पुसायला काही नव्हतं. मी मनगटानं पुसले आणि पापणीला कापसाचा तंतू चिकटला.

पात संपत आली तेव्हा मी तिला गाठलं, म्हणजे ती थांबली म्हणून गाठलं. मी विचारलं की हे पुस्तकात लिहू की नको. नको म्हणालीस तर नाही लिहिणार, आणि हे मी मनापासून म्हणत होते, जरी माझ्या डोक्यात प्रकरणाचं पहिलं वाक्य तयार झालेलं होतं. आईनं धुऱ्याकडे बघितलं, जिथे माझी पर्स लटकत होती.

“दोन्ही लिह्य,” ती म्हणाली. “चांगले होते म्हणून सांगतलं तेही म्याच सांगतलं. काहून सांगतलं ते बी लिह्य. नोकरीचं तुहं तू पाह्य, तू आता लहानी नाई.” मग, जसं काही मीठ कमी पडलं हे सांगावं तसं म्हणाली, “अन् तुह्या कवितेच्या पुस्तकात पहिल्या पानावर चुकलं हाय.”

मला लगेच कळलं आणि कळू नये असं वाटलं. पहिल्या पानावर मी लिहिलं आहे की माझ्या घरात माझ्याआधी कोणी शब्दाला शब्द लावला नव्हता. त्या वाक्याचं फार कौतुक झालं होतं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात तेच वाक्य मोठ्यानं वाचून, मान हलवून, मालकीणबाईंच्या नातवानंच माझा सत्कार केला होता, आणि आई दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. दुसरीपर्यंत शिकलेली आई. पुस्तक रेशनकार्डाबरोबर पिशवीत जपून ठेवते, हे मी लोकांना हसत सांगायचे. ती ते वाचत असेल असं मला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

“तू वाचलं?”

“कार्यक्रमाच्या आंधीच. दोन दिस लागले.”

“मंग त्या कार्यक्रमात बोलली काहून नाई?”

आईनं माझ्याकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा, नीट, तोंडाकडे.

“तुह्या गळ्यात हार होता,” ती म्हणाली.

तिनं माझ्या ओटीत हात घातला आणि मी वेचलेल्या कापसातला पाला एकेक करून काढून टाकू लागली.